हाळी देणारा सर्व्हर

बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या भावना वानखडेला नावाचा प्रश्न नेहमी दोनदा विचारला गेला. पहिल्यांदा, "नाव काय व पोरी?" ती सांगायची. मग विचारणारा जरा थांबायचा, तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचा आणि म्हणायचा, "वानखडे म्हंजे कोनते वानखडे?" हे आडनाव वऱ्हाडात एकाच समाजाचं नाही. त्यावरून माणसाचं माप लागत नाही, आणि माप लागल्याशिवाय आपल्याकडे पाण्याचा गिलास पुढे होत नाही.

तिचे वडील जानराव रेल्वेत गँगमन. रुळाखालची गिट्टी ठोकण्यात उमेदीची वर्षं गेली, पण आवाज इंजिनासारखा राहिला. त्यांनी लेकीला पढवून ठेवलं होतं, "दुसऱ्या सवालाची वाट पायत बसू नोको. पयल्याच दमात सांगून दे. समोरच्याले कायले तरास?"

म्हणून भावना एका दमात सांगायची. "भावना जानराव वानखडे. बौद्ध. बडनेरा." शाळेत असंच, कॉलेजात असंच, मुलाखतीतही असंच. अकोल्यात एकदा खोली पाहायला गेली तेव्हा घरमालकाने हे ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "खोली तं कालच गेली."

"काल गेली तं पाटी आज काहून लटकून राहिली?" भावनाने विचारलं आणि 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी खिळ्यावरून काढून त्याच्या हातात ठेवली. खोली मिळाली नाही. पण त्या गल्लीतली पोरं पुढे कितीतरी दिवस एकमेकांना विचारत, "पाटी काहून लटकून राहिली बे?"

तर अशी ही बाई. लपणं हा शब्द तिला शिवीसारखा लागायचा. कोणी दबक्या आवाजात जात सांगितली, कोणी अर्धंच आडनाव लावलं, की तिचं डोकं सणकायचं. जे आहे ते ठणकावून सांगा, हा तिचा धर्म, आणि तो तिने बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून घेतलेला होता. कोणाच्या बापाला तो खोडता येणार नव्हता.

संगणक तिला कोणी शिकवला नाही. इर्विन चौकाच्या मागे एका नेटकॅफेत गिऱ्हाइकांना बसवायचं काम होतं. गिऱ्हाईक नसलं की ती यंत्रं उघडून बसायची. त्यातूनच डेटाबेस सर्व्हरचा नाद लागला. डेटाबेस सर्व्हर म्हणजे कोठारावरचा चोख माणूस समजा: सगळी माहिती एका जागी सांभाळतो आणि मागेल त्याला बिनचूक काढून देतो. जगभरातले लोक मिळून असा एक सर्व्हर लिहितात, फुकट वाटतात आणि कोणीही त्यात सुधारणा सुचवू शकतो. भावनाने सुचवल्या. त्यातल्या काही घेतल्या गेल्या. हातभार लावणाऱ्यांच्या नावांत तिचं नाव आलं तेव्हा तिने ते बापाच्या नावासकट, पूर्ण लावायला लावलं. मधलं नाव लांब होतं म्हणणाऱ्याला तिने कळवलं की नाव लांब नाही, तुमचा रकाना आखूड आहे.

पुण्यात दोन वर्षं नोकरी करून पाहिली. "मी काम करून राहिलो" असं वऱ्हाडातल्या बायांसारखं म्हटलं की ऑफिसात हशा पिकायचा. एक दिवस ती म्हणाली, "मी करून तरी राहिलो. तुमी नुसतेच राहून राहिले." बॅग उचलली आणि बडनेऱ्याच्या गाडीत बसली.

अमरावतीत राजकमल चौकाजवळ, गिल्या वड्याच्या दुकानावर तिने एक खोली घेतली आणि धंदा मांडला. हा सर्व्हर ती स्वतः बांधायची, म्हणजे त्याचे हवे ते भाग घालून तयार करायची आणि पॅकिंगवाल्यांना, पतसंस्थांना, महिला मंडळांना बसवून द्यायची. त्यात एक भाग तिचा फार लाडका होता. तो भाग घातला की सर्व्हर चालू झाल्याबरोबर त्या जागेच्या नेटवर्कवर हाळी द्यायचा. भाजीवाली गल्लीत शिरल्याबरोबर देते ना, तशी. मी इथं आहे, माझं नाव अमुक, माझं दार तमुक. टॅब असो की लॅपटॉप, हाळी ऐकून आपणहून जोडला जायचा. आकड्यांचा पत्ता टाकायची कटकट नाही.

वरूडला पंजाबरावांच्या संत्रा पॅकिंगमध्ये तिने हे पहिल्यांदा चालवून दाखवलं तेव्हा ते क्रेटवर बसूनच राहिले.

"म्हंजे मी टॅब घेऊन गोदामात गेलो, तं हा आपल्याआपून सापडन?"

"तुमी नाही शोधायचं काका. तोच तुमाले आवाज देते."

"आमच्या पोरायपरीस बरा हाय मंग," पंजाबराव म्हणाले.

ही हाळी थांबवायची सोय त्या सर्व्हरमध्ये नव्हती. भाग घातला की तो ओरडणारच. गप्प राहा, असं सांगायला एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. भावनाला त्यात कधी काही खटकलं नाही. आपण आहोत हे सांगायला कोणाची हरकत असणार?

अकोल्यात मायाताई नावाच्या बाईंनी एक आसरा चालवला होता. घरातून जीव मुठीत धरून निघालेल्या बाया तिथे राहत. गोरक्षण रोडच्या मागे एका इमारतीचा तिसरा मजला. दारावर पाटी 'शिवणक्लास'. आत मशिनी खरोखर चालत, म्हणून कोणाला शंका येत नसे. बायांची माहिती, औषधपाणी, कोर्टाच्या तारखा सांभाळायला भावनाने तिथे सर्व्हर बसवून दिला. संगणक दान दिला होता उत्तमरावांनी. निवृत्त मुख्याध्यापक, शेजारच्याच विहाराचे कार्यकर्ते, बायको सत्यभामाबाईंना जाऊन वर्ष झालेलं.

आता दानाची आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. विहार असो, मंदिर असो की बसस्टँडवरची पाणपोई, देणाऱ्याचं नाव त्यावर आलंच पाहिजे. बाकावर नाव, टाकीवर नाव, भिंतीवरच्या घड्याळात काट्यांच्या मागे नाव. पंख्याच्या पात्यांवरही तांबड्या रंगात नाव असतं, जे पंखा बंद असल्यावरच वाचता येतं. म्हणून दाते उन्हाळ्यात जरा नाराज असतात. उत्तमराव संगणकाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "भावना, याच्यावर नाव कुठीसा लिहायचं? ही तं काळी पेटी हाय. रंग बसनार नाई."

"रंग कायले पाहिजे काका? मी याच्या आतच नाव टाकतो. मशीनचं नावच तसं ठेवतो."

आणि तिने त्या संगणकाचं नाव ठेवलं: कालकथित सत्यभामाबाई स्मृती महिला आसरा, अकोला. उत्तमरावांना पडद्यावर दाखवलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. भावनालाही बरं वाटलं. सगळं नाव, ठणठणीत, पूर्ण.

आणि सर्व्हर हाळी देताना काय नाव सांगतो? संगणकाचं जे असेल ते.

इमारतीच्या मालकाने सगळ्या मजल्यांना मिळून इंटरनेटची एकच लाइन दिली होती, म्हणजे वरची हाळी खालीही ऐकू जायची. तळमजल्यावर बेबीताईंचं डीटीपीचं दुकान. पत्रिका, फ्लेक्स, झेरॉक्स. बेबीताई म्हणजे अंगाने बारीक, आवाजाने भोंगा. त्यांच्या संगणकावर एक खिडकी होती, नेटवर्कवर कोण कोण आवाज देऊन राहिलं ते दाखवणारी. प्रिंटर रुसला की त्या ती उघडत.

एका सोमवारी दुपारी मूर्तिजापूरकडचा देवानंद नावाचा गडी त्यांच्याकडे फ्लेक्स करायला आला. 'युवा नेतृत्व, भावी सरपंच' असा मजकूर, गॉगल घातलेला फोटो, हात जोडलेले. नमुना छापून पाहावा म्हटलं तर प्रिंटर रुसला. बेबीताईंनी खिडकी उघडली. देवानंद त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. प्रिंटरच्या नावाखाली एक लांबलचक नाव उमटलेलं होतं. तो ते वाचू लागला आणि 'महिला आसरा, अकोला' वर येऊन थांबला.

"हे काय हाय? हे कुठीसा हाय?"

देवानंदची भावजय प्रतीक्षा पावसाळ्यापासून घरात नव्हती. तिच्या मनगटावर आणि पाठीवर जे होतं ते डॉक्टरांनी पाहिलेलं होतं, आणि ती कोर्टात सांगणार होती. देवानंद आणि त्याचा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, तिला गावोगाव शोधून राहिले होते. ती त्या घडीला त्याच्या डोक्यावर बरोबर तिसऱ्या मजल्यावर ब्लाउजला काजं करत बसलेली होती.

बेबीताईंना हे सगळं ठाऊक नव्हतं. पण वरचा शिवणक्लास निव्वळ शिवणक्लास नाही एवढं त्यांना कधीचं कळलेलं होतं, आणि माणसाच्या आवाजावरून त्याच्या पोटातलं ओळखण्यात त्यांची हयात गेली होती.

"मले काय माईत?" त्या म्हणाल्या. "आजूबाजूच्या धा बिल्डिंगीचं वायफाय येते इथं. कोनं काय नाव ठेवलं असन. परवा एकाचं नाव 'पोलीस व्हॅन' होतं. तू फोटो सांग, गॉगलवाला ठेवू का बिनगॉगलवाला?"

"गॉगलवाला," देवानंद म्हणाला, पण नजर त्या नावावरच. फ्लेक्स शनिवारी मिळणार होता. जाताना तो रस्त्यात उभा राहून वर पाहत राहिला.

तो गेल्यावर बेबीताई तिन्ही जिने एका श्वासात चढल्या.

मायाताईंचा फोन आला तेव्हा भावना जेवत होती. तिने ऐकलं आणि ताट सरकवलं. ती जगाला ओरडून जे सांगायची ते तिचं स्वतःचं होतं. इथं तिच्या यंत्राने दुसऱ्याचं ओरडून सांगितलं होतं, सारखं, न थकता. मग तिचं डोकं सणकलं, आणि या खेपेला ते सणकलं ते स्वतःवर. ते बरं झालं. सणकलेल्या डोक्याने ती कामं फार चांगली करायची. बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी धरून अकोल्याला पोचली.

आल्याआल्या तिने सर्व्हर बंद केला. हाळी थांबली, पण त्याबरोबर सगळंच थांबलं. टॅबवर बायांच्या औषधांच्या वेळासुद्धा दिसेनात. मग हाळीचा भाग वगळून सर्व्हर पुन्हा बांधला आणि एकेका टॅबमध्ये पत्ता हाताने घातला. हे ठिगळ होतं, आणि ते तिला कळत होतं.

प्रतीक्षा बाजूला उभी राहून पाहत होती. पंचविशीची, सडपातळ, गळ्यात मोजायची फीत. मायाताईंनी तिला दुसरीकडे हलवायचं काढलं होतं. ती जायला तयार नव्हती.

"मी नाई जात," ती म्हणाली. "हे तिसरं ठिकान हाय माह्यं. दरखेपी मीच पळू काय? येथंसा मले झोप लागते."

मग भावनाकडे वळून तिने विचारलं, "ताई, हे मशीन तुमी आनखीन कुठीकुठी देल्लं?"

"बऱ्याच जागी. काहून?"

"आमच्यावानी बाया ठेवतात तिथंबी?"

भावना मनात मोजू लागली. यवतमाळला एक होतं. वाशिमला एक. अमरावतीत एक, तिच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर.

"तिथंबी बोंबलूनच राहिलं असन," प्रतीक्षा म्हणाली. रागाने नाही, पाऊस पडून राहिला म्हणावं तशी.

त्या संध्याकाळी भावनाने तिन्ही ठिकाणी फोन करून सर्व्हर बंद करवले आणि अकोल्याच्या शिवणक्लासात, दोन मशिनींच्या मधे बसून कामाला लागली. सर्व्हर जी सेटिंगची फाइल वाचून चालू होतो, तिच्यात तिला एक नवी ओळ हवी होती: हाळी चालू की बंद. आणि दुसरी ओळ: हाळी द्यायचीच असेल तर कोणत्या नावाने. संगणकाचं नाव आपोआप उचलायचं नाही. ज्याचा सर्व्हर, तो नाव देईल. दिलं नाही तर तोंड मिटून बसायचं.

लिहिणं तिला जड नव्हतं. अडलं एका जागी: मुळात, कोणी काहीच सांगितलं नाही तर ओळ चालू असावी की बंद? चालू ठेवली तर वरूडच्या पंजाबरावांपासून सगळ्यांचं जसं होतं तसं राहणार. धंदेवाईक डोकं म्हणत होतं, चालू ठेव.

तिने प्रतीक्षालाच विचारलं. घराच्या दाराचं उदाहरण देऊन.

प्रतीक्षाने दाताने दोरा तोडला. "दार उघडं ठेवायचं का लावायचं हे ज्याच्या घराचं त्यानं पायावं. पन इसरून झोपलं तं लागलेलं असावं. उघड्यानं झोपलेल्याले सकाळी कोन सांगायले येते, की बाई तुह्यं उघडं होतं?"

भावनाने 'बंद' लिहिलं.

बदल तिने त्या जगभरच्या मंडळींपुढे ठेवला. सगळ्यांसाठी झाला पाहिजे होता; तिच्या चार गिऱ्हाइकांपुरता झाला असता तर तिला झोप लागली नसती. तिथल्या एका जुन्या जाणत्याने लगेच कळवलं की याची गरज दिसत नाही. ज्याला हाळी नको त्याने तो भाग न घालता सर्व्हर बांधावा.

भावनाचं इंग्रजी तिच्या मराठीसारखंच होतं, समोरच्याच्या दारात गाडी उभी करणारं. तिने उत्तर दिलं: बांधणारी मी आहे, त्यात राहणारी दुसरीच बाई आहे. गवंड्याने दार उघडंच चिणून दिलं, तर राहणाऱ्याने दरवेळी गवंडी बोलवायचा काय?

यावर तो म्हणाला, बरं, ओळ असू द्या. पण मुळात चालू असू द्या. नाहीतर आज ज्यांचं चालतंय त्यांचं अचानक बंद पडेल, आणि ते तुमच्या नावाने ओरडतील.

भावनाने लिहिलं: ओरडू द्या. जो ओरडू शकतो त्याला मी फोनवर सांगू शकते की एक ओळ बदला. जी लपलेली आहे तिला फोन कोण करणार? तिचा नंबर तर माझ्याकडेसुद्धा नसायला पाहिजे.

मग दुसऱ्याच एका देशातल्या बाईने लिहिलं, ही बरोबर बोलते आहे. मग आणखी एकाने. पक्कं ठरायला पुढे पुष्कळ दिवस गेले, पण अकोल्याच्या सर्व्हरमध्ये भावनाची ओळ त्याच आठवड्यात बसली. यवतमाळ, वाशिम, अमरावतीतही.

उत्तमरावांना कळलं तेव्हा ते काठी टेकत तिसरा मजला चढून आले.

"माह्या सत्यभामाचं नाव पुसलं मनते?"

"पुसलं नाई काका. आत आहे. आतल्या बायायले रोज दिसते. फक्त रस्त्यावर नाई ओरडत आता."

"मंग नाव देल्लं कायले? नाव मनजे लोकायनं आयकलं पायजे."

भावना उत्तर द्यायला तोंड उघडत होती. हेच वाक्य तिने स्वतः आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल. मग तिने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सरळ काय झालं ते सांगितलं, देवानंदसकट. उत्तमराव ऐकत राहिले. कोपऱ्यात प्रतीक्षाची मशीन चालू होती.

"असं हाय तं," ते शेवटी म्हणाले. "आमच्या सत्यभामानं एकडाव शेजारच्या सुनेले आमच्या धान्याच्या खोलीत कितीक रोज ठेवलं होतं. मलेबी सांगतलं नाई. मले रात्री खुडबूड आयकू ये. मी मने, उंदीर झाले. तं ती मने, हो, झाले."

मशीन थांबली. प्रतीक्षा हसली, आणि मग सगळ्याच हसल्या.

"तिलेबी हेच आवडलं असतं मनजे," उत्तमराव म्हणाले. "पन एक पंखा देतो मी. पात्यावर नाव टाकजा. तो काई खाली आयकू येत नाई."

शनिवार उजाडला. मायाताईंनी पोलिसांत सांगून ठेवलं होतं, जिन्याचं दार लावलेलं होतं, बाया मशिनी बंद करून बसल्या होत्या. भावना मात्र तळमजल्यावर येऊन बेबीताईंच्या बाकावर बसली, हातात दोन-चार कागद घेऊन. तिला डोळ्यांनी पाहायचं होतं.

देवानंद आला. बेबीताईंनी फ्लेक्स उलगडून दाखवला. मग म्हणाल्या, "पाय, नाव केवढं मोठं लावलं तुह्यं. बैलगाडीवरून वाचता येईन."

त्याने नीट पाहिलंही नाही. "ताई, ती खिडकी उघडा ना जरा. त्या दिशीची."

"काहून? तुह्या फ्लेक्सले वायफाय लागते काय?"

"उघडा मनतो ना."

बेबीताईंनी भावनाकडे न पाहता खिडकी उघडली. पडद्यावर प्रिंटर होता. बेबीताईंचा स्वतःचा संगणक होता. दुसऱ्या मजल्यावरच्या कोचिंगवाल्याचा टीव्ही होता. बस. देवानंदने खिडकी बंद करायला लावली, पुन्हा उघडायला लावली. तेच तीन.

वर सर्व्हर चालूच होता. टॅब त्याला धरून होते, औषधांच्या वेळा येत होत्या. फक्त तो गप्प होता.

"त्या दिशी इथं होतं," देवानंद म्हणाला. "महिला आसरा. मी वाचलं."

"त्या दिशी तुह्या डोक्यात असन. ऊन काय कमी होतं?"

तो वळला. बाकावरची बाई आपल्याकडे टक लावून पाहते आहे हे त्याला जाणवलं. वऱ्हाडात अनोळखी बाई इतकी सरळ पाहत नाही.

"तुमी कोन वं बाई? इथल्याच का?"

भावना जानराव वानखडे. बौद्ध. बडनेरा. सगळे शब्द दातांपर्यंत आले. बाप आठवला, गिट्टी आठवली, खिळ्यावरची पाटी आठवली. आजवर कोणी विचारलं आणि तिने सांगितलं नाही असं झालेलं नव्हतं. पण बायांच्या मोर्च्यांच्या पत्रकांवर तिचं नाव असायचं, कॉम्प्युटरवाली भावना म्हणून लोक ओळखायचे. हा माणूस ते नाव घेऊन गेला, चार ठिकाणी विचारलं, की ती कुठे कुठे मशिनी बसवते ते त्याला कळायला वेळ लागणार नव्हता. तिचं नाव तिचंच होतं, पण आज त्याच्या मागे वर कोणीतरी बसलेली होती.

"गिऱ्हाईक," ती म्हणाली.

"नाव?"

"झेरॉक्सले नाव लागते काय?"

"नाई, आपलं इचारलं."

"मंग मीबी आपलं नाई सांगतलं."

तिने हे डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, आवाज न चढवता. त्यात लपण्यासारखं काही नव्हतं. तिच्या अंगात तीच रग होती, जी पाटी काढून हातात देताना होती.

बेबीताई मधे पडल्या. "ओ भावी सरपंच, माह्या गिऱ्हाइकाची जनगनना करून राहिला काय? फ्लेक्स घे न चाल. मागं दोन लग्नाच्या पत्रिका हायेत."

देवानंद फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून निघाला. रस्त्यात जाऊन त्याने समोरच्या इमारतीकडे पाहिलं, बाजूच्या इमारतीकडे पाहिलं, धा बिल्डिंगींचा हिशेब त्याच्या तोंडावर दिसला. मग मोटारसायकलला लाथ मारून तो गेला.

भावना वर आली. दार उघडायला प्रतीक्षाच पुढे झाली.

"गेला?"

"गेला. काईच नाई दिसलं त्याले."

"तुमाले काई बोलला काय?"

"नाव इचारलं."

"अन तुमी सांगतलं?" प्रतीक्षाचा चेहरा उतरला. भावनाताईंचं नाव सांगणं तोवर आसऱ्यातल्या सगळ्या बायांना पाठ झालं होतं. त्या तिची नक्कल करून दाखवत.

"नाई."

"तुमी? नाई सांगतलं?"

"नाई मनलं ना एकडाव."

प्रतीक्षा तोंडावर फीत धरून हसायला लागली, ती थांबेचना. भावनाने जरा वेळ रागाचं तोंड ठेवून पाहिलं. मग तिलाही राहवलं नाही.

प्रतीक्षा त्या मजल्यावरून कुठे हलली नाही. तिथूनच कोर्टात गेली, उभी राहिली आणि सगळं सांगितलं, नावानिशी, तारखेनिशी, कठड्याला धरून, पण मान वर ठेवून.

पंजाबरावांचा फोन अर्थातच आला. नवा सर्व्हर बसल्याबरोबर. "बाई, माह्यं मशीन मुकं झालं. कोनाची नजर लागली काय?" भावनाने कोणती ओळ 'चालू' करायची आणि खाली नाव काय लिहायचं ते सांगितलं. "नाव मी देऊ? मले पायजे ते?" त्यांनी विचारलं. तेव्हापासून वरूडच्या त्या गोदामात शिरलं की टॅबवर 'पंजाबराव संत्रावाले' असं येतं, आणि ते पाहुण्यांना मुद्दाम टॅब धरून आत नेतात.

निकाल बाजूने लागल्यावर प्रतीक्षा अमरावतीला आली. आता तिचं घर कोणापासून लपवायचं कारण नव्हतं. लपायची पाळी दुसऱ्यांची होती. तिने चार बाया मिळवून शाळांचे गणवेश शिवायचं काम काढलं. पोरांची मापं, शाळांची नावं, कोणाचं काय झालं न काय राहिलं, हे सांभाळायला भावनाने तिथेही सर्व्हर बसवला. सेटिंगची फाइल उघडली. हाळीच्या ओळीपुढे 'बंद' होतं, मुळात असतं तसं.

भावनाने ते तसंच ठेवून फाइल मिटायला हात पुढे केला.

"थांबा ताई," प्रतीक्षा म्हणाली. "सरका जराशा. मी करतो."

ती खुर्चीवर बसली. 'बंद' खोडून तिने 'चालू' लिहिलं. खालच्या ओळीत नाव लिहायला तिला वेळ लागला. एकेक अक्षर शोधून, स्वतःचं पूर्ण नाव, माहेरचं. सर्व्हर पुन्हा चालू केला. बाकीच्या चौघी आपापले टॅब घेऊन उभ्या होत्या.

चौघींच्या हातात एकाच वेळी नाव उमटलं.